पॉवर काइट फाटलाय: पुण्यात रिपस्टॉप कापड आणि डायनिमा दोरी कुठे मिळेल?

3 चौरस मीटरचा फॉइल काइट (हवेने फुगणाऱ्या कापडी कप्प्यांचा मोठा पतंग) आहे. डाव्या टोकाकडच्या कप्प्याचं वरचं कापड शिवणीलगत 22 सेंमी उसवलंय, आतली रिब (दोन कप्प्यांमधली कापडी भिंत) शाबूत आहे. एक ब्रायडल दोरी (काइटच्या खालच्या बाजूला जोडलेल्या, त्याचा आकार धरणाऱ्या दोऱ्यांपैकी) तुटलीय.

फाट कापडाच्या मधोमध असती तर दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापून, रिपस्टॉप टेप लावून भागलं असतं. पण शिवणीवर ताण येतो. नुसती टेप उन्हात सरकते. म्हणून ठिगळ शिवायचंय: पॉलिस्टर दोरा, 70 नंबरची सुई, टाका 3 मिमी. टाके दाट घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होऊन कापड तिथेच फाटतं. छत्रीचं कापड सुचवू नका, त्यात फाट पसरू न देणारी रिपस्टॉपची जाळी नसते.

ब्रायडल उजवीकडच्या जोडीदार दोरीवरून मापेन, पण दोन्ही सारख्या ताणाखाली. नवी डायनिमा आधी ताणून ठेवावी लागते, नाहीतर गाठी आवळल्यावर लांबी वाढते आणि काइट एका बाजूला ओढतो.

1 मिमीची डायनिमा आणि अर्धा मीटर रिपस्टॉप रविवार पेठेत सुटं मिळतं का? कामशेतचे पॅराग्लायडर दुरुस्त करणारे एवढं छोटं काम घेतात का? नायलॉन मांजा चालणार नाही, कृपया तो सोडून सांगा.