हिज्कीया राजावर चार बैठकांचा अभ्यास: काय घ्यावं, कुठे थांबावं?

पूर्णाकाठ

सर्वांना प्रभूत सलाम. वेचणीच्या दिवसांत गावच्या घरसभेत बायबलमधल्या यहूदाच्या हिज्कीया राजावर चार गुरुवार अभ्यास ठेवायचा आहे. लोक वावरातून येऊन, जेवणं आटोपून आठला बसतात. नऊच्या पुढे कोणाला थांबवता येत नाही, सकाळी पुन्हा कापूस वेचायला जायचं असतं. वीस-पंचवीस माणसं, निम्म्यांना वाचता येत नाही. गीतं आणि प्रार्थना धरून वचनाला 40 मिनिटंच उरतात.

हिज्कीया तीन ठिकाणी येतो: 2 राजे 18 ते 20, 2 इतिहास 29 ते 32 आणि यशया 36 ते 39. एवढं सगळं चार बैठकांत मावणार नाही. बहुतेक संदेशांत अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र हिज्कीयाने मंदिरात पसरलं, देवदूत आला, 1,85,000 मेले, आमेन, इथेच संपवतात. तेवढंच घ्यावं का? दुसरं, त्याने आधी अश्शूरच्या राजाला खंडणी दिली, तो अविश्वास समजायचा का? तिसरं, आजारी राजाच्या गळवावर बांधलेला अंजिराचा लेप. हा प्रश्न गावात निघणारच. कृपया नेमकं सांगा.

वचनाचा सालदार

भाऊ, विजयावर थांबू नका. हिज्कीयाची सगळ्यात मोठी चूक प्रार्थनेचं उत्तर मिळाल्यावर झाली, आणि 2 इतिहास 32:25 ते झाकत नाही: जेवढा उपकार झाला तेवढी फेड त्याने केली नाही, त्याचं मन फुगलं. हे वगळलं तर लोक संकटात कसं वागावं एवढंच शिकतात. बरे दिवस आल्यावर काय करावं हे कोणी त्यांना सांगतच नाही.

पहिल्या गुरुवारी 2 इतिहास 29 घ्या. पूर्ण अध्याय वाचू नका, 1 ते 19 ओव्या पुरे. बाप आहाजाने मंदिराची दारं बंद केली होती (28:24). 25 वर्षांचा हा पोरगा गादीवर बसतो आणि पहिल्याच वर्षाच्या पहिल्या महिन्यात ती दारं उघडून दुरुस्त करतो. कामाचा क्रम लोकांना बोटांवर मोजून दाखवा. आधी लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, स्वतःला शुद्ध करतात. मग याजक आतल्या भागात जाऊन तिथली घाण अंगणात आणतात. तिथून लेवी ती उचलून किद्रोन ओढ्याकडे नेतात. एक तारखेला काम सुरू, आठव्या दिवशी देवडीपर्यंत पोचले, पुढचे आठ दिवस मंदिर, सोळाव्या दिवशी संपलं.

आता तारीख बघा. वल्हांडण, म्हणजे मिसर (इजिप्त) देशातून सुटकेचा सण, पहिल्या महिन्याच्या 14 तारखेला असतो. म्हणजे काम संपेस्तोवर सण दोन दिवसांनी हुकला! राजाने अर्धवट शुद्धीत सण उरकून घेतला नाही, आणि पुढच्या वर्षावरही ढकलला नाही. गणना 9:10-11 मध्ये अशुद्ध असलेल्यांसाठी किंवा प्रवासात असलेल्यांसाठी दुसऱ्या महिन्याची सवलत आहे, तिच्या आधारे त्याने दुसऱ्या महिन्यात सण केला. नियम पाळणारा आणि माणूस ओळखणारा राजा इथे एकाच वेळी दिसतो. पुढे 30:18-20 मध्ये शुद्ध न होताच जेवलेल्यांसाठी त्याने प्रार्थना केली, त्यांना पंगतीतून उठवलं नाही.

या बैठकीत नेहमी एक गोष्ट बिघडते. चर्चा पाहता पाहता प्रार्थनाघराच्या रंगरंगोटीवर आणि वर्गणीवर जाते. तसं होऊ लागलं की 29:16 पुन्हा वाचा. सफाई आतून सुरू होते, बाहेरून नाही.

दुसऱ्या गुरुवारी रब्शाके, म्हणजे यरुशलेमपुढे येऊन धमकावणारा अश्शूरच्या राजाचा अधिकारी, 2 राजे 18:17-37. हा उतारा वाचून दाखवण्यापेक्षा ऐकवण्याचा आहे. हिज्कीयाचे अधिकारी म्हणतात, आमच्याशी अरामी भाषेत बोल, तर तो मुद्दाम यहूदी भाषेत ओरडतो, कारण तटावर बसलेल्या साध्या माणसांना घाबरवायचं आहे. म्हणून ज्याला चांगलं वऱ्हाडी बोलता येतं त्याला रब्शाकेचं बोलणं सांगायला द्या. "काहून भरोसा ठेवता त्या राजावर?" असं कानावर पडलं की लोक सरसावून बसतात.

मग त्याची रीत उलगडून दाखवा. तो नुसतं खोटं बोलत नाही. मिसर म्हणजे मोडकी बोरू, टेकलं की हातात घुसेल (18:21), हे खरंच होतं. हिज्कीयाने उच्च स्थाने (टेकड्यांवरची पूजास्थानं) काढली हेही खरं, पण त्याचा अर्थ तो उलटा लावतो. 2,000 घोडे देतो, स्वार आणून दाखवा, असं म्हणून अपमान करतो. परमेश्वरानेच मला पाठवलं असंही सांगतो. आणि शेवटी आमिष: जो तो आपला द्राक्षवेल, आपलं अंजीर खाईल, आपल्या विहिरीचं पाणी पिईल, मी येऊन तुम्हाला दुसऱ्या देशात नेईपर्यंत (18:31-32). ते शेवटचं वाक्य हळूच सरकवलेलं आहे. कर्जाच्या कागदावर अंगठा देण्याआधी खालची बारीक ओळ कोणी वाचून दाखवत नाही, ते कास्तकाराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लोकांनी काय उत्तर दिलं? काहीच नाही, राजाची आज्ञा होती (18:36). प्रत्येक टोमण्याला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही, हे तरुणांना जरूर सांगा.

तिसऱ्या गुरुवारी पत्र, 19:14-19. इथे प्रार्थनेची घडण दाखवा, ती पाच ओव्यांची आहे. आधी परमेश्वर कोण आहे ते. मग "पाहा आणि ऐक" अशी विनवणी. मग पत्रात जे खरं आहे ते कबूल करणं: होय, अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उजाड केली आहेत (19:17). मग सोडवणुकीची मागणी, आणि ती कशासाठी, तर सगळ्या राज्यांना कळावं म्हणून. 19:17 कोणी शिकवत नाही. विश्वास म्हणजे नोटीस आलीच नाही असं समजणं, हा गैरसमज या एका ओवीने जातो.

लोकांना आपापली चिंता कागदावर लिहून पुढे ठेवायला सांगणार असाल तर कागद घडी घातलेलाच राहू द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कोरा कागद ठेवावा, दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. उघड वाचन केलं की कोणाचं किती देणं आहे ते सकाळी पारावर पोचतं आणि तो माणूस पुन्हा सभेला येत नाही.

चौथा गुरुवार अध्याय 20. त्यावर इतरांनी लिहावं.

ताम्रपट

खंडणीबद्दल. 2 राजे 18:14-16 प्रमाणे 300 किक्कार रुपे आणि 30 किक्कार सोनं. एक किक्कार साधारण 30 ते 34 किलो धरतात, म्हणजे सोनंच एक टनाच्या आसपास. त्यासाठी त्याने मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडून काढलं. पहिल्या गुरुवारी जी दारं त्याने उघडली तीच ही दारं. हे लोकांच्या लक्षात आणून द्या, फार बोलावं लागणार नाही.

अश्शूरचा हा राजा सन्हेरीब, त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखातही ही स्वारी आहे. साल इ.स.पू. 701. त्यात 30 किक्कार सोनं जुळतं, रुपं मात्र 800 लिहिलंय. 46 तटबंदीची नगरं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं असं तो म्हणतो. यरुशलेम घेतलं असं म्हणत नाही. यहूदाचं लाखीश नगर घेतल्याची शिल्पं त्याने आपल्या निनवे शहरातल्या महालात कोरून घेतली, ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

अविश्वास होता का? वचन तिथे शिक्का मारत नाही, आपणही घाईने मारू नये. एवढं मात्र स्पष्ट दिसतं की सोनं देऊन फौज हटली नाही. मागणी वाढली, आता शहरच हवं. "देऊन टाकलं की मिटेल" हा हिशोब चुकला, हे शिकवायला पुरेसं आहे.

चौथ्या गुरुवारसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अध्याय 20 पानावर नंतर आहे, पण घटना आधीची दिसते. 20:6 मध्ये देव म्हणतो, तुला आणि या नगराला अश्शूरच्या हातून सोडवीन. म्हणजे सुटका अजून व्हायची आहे. राज्य 29 वर्षं, त्यातून वाढवून दिलेली 15 वजा करा, चौदावं वर्ष येतं, आणि स्वारीही चौदाव्याच वर्षी (18:13). बाबेलच्या राजाने पाठवलेल्या वकिलांना (दूतांना) हिज्कीयाने भरलेलं भांडार दाखवलं, तेही खंडणीने रिकामं होण्याआधीच शक्य आहे. हे फळ्यावर मांडा, नाहीतर कोणीतरी विचारेल की सोनं गेलं होतं तर दाखवलं काय?

खारपाणपट्टा

पाण्याचा बोगदा सोडू नका. आपल्या भागात बोअरला खारं पाणी लागतं, गोडं पाणी म्हणजे काय हे इथल्या माणसाला यरुशलेमच्या माणसाइतकंच कळतं.

गीहोनचा झरा तटाच्या बाहेर होता. वेढा पडला की शत्रूला पाणी, आत तहान. म्हणून बाहेरचे झरे बुजवले (2 इतिहास 32:3-4) आणि पाणी खडकातून आत वळवलं (32:30). बोगदा सुमारे 533 मीटर लांब आहे. दोन टोळ्या दोन्ही टोकांकडून टिकावांनी खोदत आल्या आणि मधे भेटल्या. एवढ्या लांबीत उतार साधारण 30 सेंटीमीटर. ज्याने वावरात पाट काढला आहे त्याला विचारा, एवढ्या कमी उतारावर पाणी चालवायला हात किती नेमका लागतो. 1880 मध्ये आत सहा ओळींचा लेख सापडला, त्यात लांबी 1,200 हात दिली आहे आणि पलीकडच्या टोळीचा आवाज ऐकू आल्याचंही लिहिलंय. लेखात राजाचं नाव नाही, म्हणून "हिज्कीयाची सही सापडली" असं सभेत सांगू नका. एका पोराने मोबाईलवर तपासलं की बाकीच्या शिकवणीवरचाही विश्वास जातो.

याच कामावर यशया 22:9-11 बोट ठेवतो: पाणी साठवलं, घरं पाडून तट मजबूत केला, पण ज्याने हे घडवून आणलं त्याच्याकडे पाहिलं नाही. यशया संदेष्ट्याने खोदकाम चूक म्हटलेलं नाही. विहीर खोदावी, बांध घालावा, विमा भरावा, पण नजर त्यावरच अडकू नये. तिसऱ्या गुरुवारी पत्राच्या आधी यासाठी दहा मिनिटं काढा.

आरोग्यसेविका

अंजिराच्या प्रश्नाला टाळू नका, तिथे माणसांचा जीव अडकलेला असतो. क्रम असा आहे. राजा रडून प्रार्थना करतो. यशया मधल्या अंगणातून बाहेरही पडलेला नसतो तोच त्याला परत पाठवलं जातं. वचन मिळतं: तिसऱ्या दिवशी मंदिरात जाशील, 15 वर्षं वाढवली (20:4-6). त्याच्या पुढच्याच ओवीत तोच यशया म्हणतो, अंजिराची ढेप आणा, ती गळवावर बांधा (20:7). ज्याच्या तोंडून वचन आलं त्याच्याच तोंडून औषध आलं. मधे कोणी "आता औषधाची गरज काय" असं म्हटलेलं नाही.

म्हणून सभेत स्पष्ट सांगा: प्रार्थना झाली म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांच्या रोजच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. टीबीचा साधा कोर्ससुद्धा किमान सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरं वाटतं, साक्ष दिली जाते, गोळ्या सुटतात, आणि नंतर तीच औषधं लागू पडेनाशी होतात. साक्ष जरूर द्यावी, कोर्स संपल्यावर द्यावी. आणि उलट बाजूही जपा. गळवावर अंजीर बांधा असा नुस्खा म्हणून ही ओवी वापरू नका, गळू असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

बरं न झालेल्या माणसाच्या घरचं कोणी बसलेलं असेल तर "तुमचा विश्वास कमी पडला" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. हिज्कीयाला 15 वर्षं मिळाली, तीही मोजून.

पूर्णाकाठ

मनापासून आभार. पितळी सर्पाचं (2 राजे 18:4) कुठे घ्यावं? गावात नागपंचमी मोठी असते, शेजारी दुखावू नयेत.

वचनाचा सालदार

पहिल्याच गुरुवारी, पाच मिनिटं. आणि तुमची काळजी रास्त आहे. हिज्कीयाने शेजाऱ्याचं काही फोडलं असं त्या ओवीत नाही. तो सर्प त्याच्याच लोकांचा होता, मोशेने देवाच्या आज्ञेने केलेला (गणना 21:8-9), त्याने एकेकाळी जीव वाचवले होते. शेकडो वर्षांत लोक त्यालाच धूप जाळू लागले. त्याला नहुश्तान म्हटलं, म्हणजे नुसता पितळेचा तुकडा. तेव्हा प्रश्न घरातला विचारा: देवाने एकदा वापरलेली कोणती गोष्ट आपण आता देवाच्या जागी ठेवली आहे? एखाद्या जुन्या पाळकांची खुर्ची, एखाद्या घराण्याचा मान, अमुकच चालीवर गायचं हा हट्ट. नावं मात्र घेऊ देऊ नका.

चौथ्या गुरुवारी 20:12-19 वाचताना यशयाचे तीन प्रश्न सावकाश विचारा: ते काय म्हणाले? कुठून आले? तुझ्या घरात काय पाहिलं? हिज्कीया दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर देतो, पहिल्याचं देत नाही. वकील आजारपणाची चौकशी करायला आले होते. देवाने काय केलं ते सांगायची वेळ होती, आणि त्याने कोठार दाखवलं. हे सगळं आणि तुझ्या वंशातले काही बाबेलला नेले जातील असं यशया सांगतो, तरी "माझ्या दिवसांत शांती राहील ना" एवढ्यावर तो समाधान मानतो. गादीवर बसला तेव्हा त्याचा मुलगा मनश्शे 12 वर्षांचा होता (21:1), म्हणजे त्याचा जन्म त्या वाढीव वर्षांतला. ज्याला लेकरं आहेत त्याला इथे काही समजावू नका, नुसते 15 आणि 12 हे दोन आकडे शेजारी लिहा आणि दोन मिनिटं थांबा.

2 इतिहास 31 मात्र या चारांत कोंबू नका. तिसऱ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत दशमांशाचे ढीग, त्यावर कनन्या व शिमी हे प्रमुख आणि हाताखाली दहा देखरेख करणारे, वाटपाला कोरे आणि सहा जण. हे हंगामाच्या अर्पणाच्या रविवारी घ्या, ज्वारी-तुरीची पोती समोर असताना. त्याच दिवशी मंडळीचा जमाखर्चही वाचून दाखवा.