अनुभव धागा: पांढरीवरच्या लॉजात मुक्काम

गोदाकाठ
पाऊस लागला की गढीच्या कडेची माती सुटल्याची बातमी येते, आणि जुन्या नाशकातली वाड्यांची लॉजं आठवतात. खाटेला भाडं, खाली हजारो वर्षांची पांढर, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या राखमातीचं टेकाड. मातीच्या गढीवर, म्हणजे याच टेकाडावर, १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खणलं तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगाचे थर लागले होते. सिंहस्थासाठी अशा खोल्या आता पुन्हा रंगवल्या जातायत. तिथे राहायचं तर काय बघावं? माहीतगारांनी लिहा.

चुनेगच्ची
आधी भिंत बघा. पांढरीत शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं मुरलेली, म्हणजे क्षार भरपूर. ओल ते क्षार वर ओढते, पाणी उडून जातं, मीठ गिलाव्यात फुलतं आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. हाच लोणा. बोट फिरवलं की पांढरी पिठी लागते. वरून सिमेंट मारलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, मग गुडघ्यापर्यंतचा लोणा कमरेवर चढतो. मालकांनो, ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत गिलावा खरवडा, मीठ कोरड्या ब्रशनेच झाडा (धुतलंत तर विरघळून परत आत जातं), मग एक भाग चुना, तीन भाग वाळू. ऑइलपेंट नको, चुन्याची सफेदीच द्या. पाहुण्यांनी खाट भिंतीपासून वीतभर सरकवावी, बॅग जमिनीवर ठेवू नये.

पंचवटीकर
गाडी कुठे लावायची तेही सांगा कुणीतरी, आतल्या गल्ल्यांत रिक्षासुद्धा वळत नाही.

ओळंबा
@पंचवटीकर बाहेरच्या रस्त्यालाच लावा, आत चालत जा.
तडे ओळखा. गिलाव्यातली केसासारखी उभी रेघ चालेल. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा, पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेला तडा म्हणजे एक बाजू खचतेय. खाली बुजलेलं पेव (धान्य साठवायचा खड्डा) नाहीतर जुना आड असतो, भर पोकळ राहिलेली. तड्यावर आडवी पीओपीची पातळ पट्टी मारायची, वर तारीख घालायची. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे. पाहुण्याकडे पीओपी नसतो, त्याने रिकामी बाटली जमिनीवर आडवी ठेवून घरंगळते का पाहावं आणि दार चौकटीला घासतं का बघावं.
खरा शत्रू पाणी. संडासाच्या पाइपाचा सांधा गळला की माती आतून वाहून जाते, वरून काही कळत नाही. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती टेकाडाच्या कडेच्या बाजूला कधीच नको. पावसाळ्यात कडेची खोली घेऊच नका, फुकट दिली तरी.

मेनरोड
आमच्या ओळखीतल्या एका घराची मागची भिंत अशीच गेली. फार वाईट वाटतं, माणसं कुठे जाणार?

ओळंबा
खरंय. भाडेकरूंचे हाल जास्त.

खापरवेडा
अंगणात खापरं दिसतात, उचलू नका. बाहेरून लाल, आतून काळं कुळकुळीत असेल तर भांडं उपडं घालून भाजलेलं: आत हवा नाही म्हणून काळं, बाहेर हवा लागली म्हणून लाल. चकचकीत, धातूसारखी झाक असलेलं काळं दिसलं तर ते उत्तरेकडचं, मौर्यकाळाच्या आसपासचं. ते कुठल्या थरात होतं हीच त्याची किंमत. खिशात घातलं की उरतो फक्त तुकडा. नाणी-दागिने सापडले तर १८७८ च्या कायद्याने, किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी निघाली. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राचा छाप वरून मारलेला आहे. ती पांगली असती तर कोणी कोणाला हरवलं याचा हा पुरावाच गेला असता.

चुनेगच्ची
मालकांसाठी अजून एक. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे दोनशे मीटर परवानगीने. दुरुस्तीलाही परवानगी लागते, आधी अर्ज करा.

गोदाकाठ
आणि टेकाडाखालचं स्वस्त मिळालं म्हणून सराफ बाजारात तळमजला घेताना?

ओळंबा
जुलै-ऑगस्टात नको. दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातली मूर्ती, पुराची मोजपट्टीच ती) कमरेला पाणी लागलं की सामान वर चढवायला सुरुवात करा, छातीची वाट बघू नका.

पंचवटीकर
चार्जिंगचा प्लग लोणा लागलेल्या भिंतीत असेल तर? परवा हाताला झिणझिण्या आल्या.

ओळंबा
वापरू नका, लगेच मालकाला सांगा. ओलीने बोर्डात करंट उतरतो. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायला लावा, तीस मिलीअँपिअरची.