फ्रीझरमधलं वाटण: किती टिकलं, कधी टाकलं? अनुभव लिहा

गेल्या जुलैत डिचोलीला आमच्याकडे दीड दिवस लाईट नव्हती. फ्रीझरमध्ये भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, हिरवी चटणी आणि रेशाद मसाला (माशांना लावायचं लाल मिरचीचं वाटण) होता. आम्ही गावाला गेलेलो. परत आलो तेव्हा सगळं दगडासारखं घट्ट. पण मधे वितळून पुन्हा गोठलं की काय, कसं कळणार? खोबऱ्याचं सगळं टाकलं. तीन नारळ होते, जिवावर आलं. तुमच्याकडे काय करता?

फोंडा
ताई, टाकलंत ते बरं केलंत. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. वितळलं की पुन्हा वाढायला लागतात.

मी घराबाहेर जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवते. आल्यावर नाणं वरच असेल तर निश्चिंत. तळाला गेलं असेल तर बर्फ वितळला होता. फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर माल साधारण ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास.

वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घालते, गोठलं की वड्या काढून पिशवीत भरते, हवा दाबून काढते, वर तारीख. हुमणाला (माशाच्या आमटीला) दोन वड्या पुरतात, अख्खा डबा बाहेर काढावा लागत नाही. आमच्या सासूबाई एकच मोठा डबा रोज ओट्यावर काढून ठेवायच्या आणि उरलेलं परत आत. आठवड्यात वास यायचा. खोबरं आधी खवट होतं, जिभेच्या मागे कडवटपणा राहतो. चटणी आंबूस लागली, फेस आला, चमच्याला तार सुटली, तर चाखत बसू नका.

म्हापसा
पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नाही. मी एकदा चांगली चटणी फेकली. बर्फाचे कण बोटावर विरघळतात, बुरशी लोकरीसारखी दिसते, हिरवट, काळी, कधी पांढरीही. आणि बुरशीच असेल तर वरचा थर खरवडून खाली उरलेलं वापरू नये; ओल्या पदार्थात ती आत उतरलेली असते.

मडगाव
काचेची बरणी काठोकाठ भरली, रात्रीत तडकली. गोठताना पाणी फुगतं, वर बोटभर जागा सोडा. मेयोनीजही ठेवून पाहिलं, वितळल्यावर तेल वेगळं, फाटलेल्या दुधासारखं.

पेडणे
एक कळकळीने सांगते. माझ्या जावेने ठेचलेली लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवली होती, 'तेलात आहे, टिकते' म्हणून. मी ती टाकायला लावली. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथेच बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू विष तयार करतात. त्याला वास नाही, चव नाही, रंग बदलत नाही. नाक हुंगून काही समजत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त हवी तर गोठवायची. रेशादचं तसं नाही, त्यात व्हिनेगर आणि मीठ असतं, तो दमदार. तरी कोरडाच चमचा घाला.

डिचोली
फोंड्याच्या ताई, नाणं आजच ठेवलं. रेशाद मी ठेवला होता, बांगड्यांना लावला, चांगला निघाला. म्हापशाच्या वहिनी, तुम्ही कोथिंबिरीच्या चटणीत लिंबू गोठवण्याआधी पिळता की वितळल्यावर?