मदत हवी आहे: भावाचा डोळा झोपेतही उघडाच राहतो

वैतागलेली_ताई: भावाचा उजवा डोळा मिटत नाही. झोपला तरी पापणीखाली पांढरी फट दिसते. सकाळी डोळा लालभडक. ड्रॉप घालून झाले, फरक शून्य. चांगला ड्रॉप कोणता ते पटकन सांगा, प्रवचन नको.

कट्टेकरी: कधीपासून? तोंड वाकडं झालंय का? शुगर? आत्ता कोणते थेंब घालताय?

आजोळचा_वैद्य: रात्री गाईचं तूप घाला. आमच्या आत्याचा चष्मा सुटला.

कट्टेकरी: चष्म्याचं कुणी विचारलंय? उघड्या बुबुळावर तूपबिप नको.

आजोळचा_वैद्य: आयुर्वेद म्हटलं की तुमच्या पोटात दुखतं.

वैतागलेली_ताई: तीन आठवडे झाले. हो, तोंड वाकडंय, चहा ओठातून ओघळतो. शुगर नाही. थेंब मेडिकलवाल्याने दिलेत, डेक्सा की कायसं.

बाबांची_सोनू: बाबांना बेल्स पाल्सी (तोंडाच्या एका बाजूचा लकवा) झाली होती. दिवसा दर दोन तासांनी कृत्रिम अश्रू, रात्री मलम, मग पापणी बोटाने पूर्ण मिटवून वर मायक्रोपोरची चिकटपट्टी. नीट मिटली नाही तर पट्टीच बुबुळाला घासते. तीन महिन्यांत तोंड सरळ! तुम्हीही हेच करा.

कट्टेकरी: थांबा. कपाळावर, कानात फोड आले होते का?

वैतागलेली_ताई: कपाळावरही, कानातही. नागीण होती, उतरवून आणली. लिहायचं नव्हतं, पण त्याला एचआयव्ही आहे. मध्ये एआरटी (एचआयव्हीची औषधं) सोडलं होतं, आता पुन्हा चालू केलंय. लोकांना कळेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला तयार नाही.

गावाकडचा: नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो म्हणतात, खरंय का?

कट्टेकरी: नाही हो. ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. डेक्सा म्हणजे स्टिरॉइड, जखम असेल तर चिघळेल. आजपासून बंद, बाटली डॉक्टरांना दाखवा. आणि टॉर्च मारून बुबुळ बघा.

बाबांची_सोनू: पण बाबांना स्टिरॉइडनेच गुण आला!

कट्टेकरी: त्या गोळ्या, सुरुवातीच्या दिवसांतल्या. हे थेंब आहेत.

वैतागलेली_ताई: बघितलं. खालच्या बाजूला तिळाएवढा पांढरा ठिपका आहे. दुखत नाही म्हणतो.

कट्टेकरी: तीच तर भीती. नागिणीने बुबुळाची जाणीव जाते, मग जखम झाली तरी दुखत नाही. सिव्हिलच्या नेत्रविभागात आत्ताच न्या, एआरटीचं कार्ड घ्या. गरज पडली तर पापण्या काही दिवस टाके घालून अर्ध्या शिवतात. एचआयव्ही आहे म्हणून परत पाठवता येत नाही, 2017 चा कायदा आहे. अडवलं तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन लावा.

वैतागलेली_ताई: शर्ट घालतोय. गॉगल लावून येतो म्हणाला, आवारात कुणी ओळखू नये म्हणून.