जुनी दाखल नोंदवही रद्दीत टाकावी का?

प्रश्न: आमच्या ग्रंथालयाची पुस्तकांची सूची पूर्ण संगणकावर आली. आता हस्तलिखित दाखल नोंदवह्या (आलेल्या प्रत्येक प्रतीला क्रमांक देऊन केलेली नोंद) आणि जुन्या सूचीच्या कार्डांची कपाटं काढा, असं वरून सांगितलंय. या कामात येऊन मला दोनच वर्षं झालीत, पण मन धजत नाही.

उत्तर, निवृत्त ग्रंथपाल: ताई, नोंदवही अजिबात टाकू नका. वर्गांक विषय सांगतो; दाखल क्रमांक त्या एकाच प्रतीचा. ती कधी आली, विकत की भेट, किंमत काय, पुढे गहाळ झाली की बाद केली, सगळं तिथे. संगणकावर चढवताना बाद प्रती गाळल्या जातात. एका देणगीदाराच्या नातीला आजोबांनी दिलेली पुस्तकं मी केवळ वहीवरून शोधून दिली. नावावर बोट ठेवून ती बराच वेळ उभी होती.

उत्तर २: वहीबद्दल सहमत. कार्डं मात्र जाऊ द्या, साधनं बदलतातच. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये जप्त ग्रंथांची सूची खेळायच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठींवर केली होती! फक्त कार्डांवरच्या हाताच्या टिपा आधी स्कॅन करा.

प्रश्नकर्ती: टिपांचं लक्षातच आलं नव्हतं. उद्या पहिला खण उघडते.