मदत हवी आहे: शेअर्ड होस्टिंग सोडून व्हीपीएस घ्यावा का?

पानगळ
नवा अंक टाकला की आमची साइट बंद पडते. होस्टिंगवाल्यांना विचारलं तर एकच उत्तर, "व्हीपीएसवर जा." व्हीपीएस म्हणजे मोठ्या सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी राखलेला भाग, पण खर्च साधारण चौपट होतोय. प्लॅनमध्ये २ जीबी रॅम आणि १ कोअर आहे. एवढ्यानं साइट पडायची थांबेल का? पुढचा अंक तोंडावर आलाय. घ्यावा की नको एवढंच सांगा, कृपया लवकर.

खटपट्या
बंद पडते म्हणजे नक्की काय होतं? पान कोरं येतं, उशिरा उघडतं, की एरर येतो? एरर असेल तर त्याचा आकडा द्या. ५००, ५०३, ५०८, प्रत्येकाचं कारण वेगळं. आणि साइट कशावर आहे, वर्डप्रेस का?

बिनतारी
बिनधास्त घ्या. शेअर्डमध्ये एका मशीनवर शेकडो साइट कोंबलेल्या असतात. व्हीपीएसवर रूट म्हणजे पूर्ण ताबा आपल्याकडे, पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) आवृत्ती आपण ठरवायची, कॅशसाठी रेडिस टाकायचं असेल तर कुणाची परवानगी नको. मी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएम आणि मारियाडीबी हा डेटाबेस असं सगळं बसवलं, एका संध्याकाळी काम झालं. तेव्हापासून शेअर्डकडे वळून पाहिलं नाही.

सावकाश
"एका संध्याकाळी" याला माझी हरकत आहे. बसवायला संध्याकाळ पुरते, सांभाळायचं कायम असतं. अपडेट, फायरवॉल, बॅकअप, लॉग. लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट फार तर ९० दिवसांचं असतं, आपोआप होणारं नूतनीकरण मधेच अडलं तर बघायचं कुणी? सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तरी त्यावर चालणारे सर्व्हर मला अजून भेटतात, कारण ज्यानं बसवला तो केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. पानगळ, तुम्हाला देताहेत तो मॅनेज्ड (सांभाळणार ते) आहे की अनमॅनेज्ड (सांभाळायचं आपण)? चौपट खर्च कशाचा, हे त्यावर ठरेल.

पानगळ
वर्डप्रेस आहे. एरर ५०८, "रिसोर्स लिमिट इज रीच्ड". मॅनेज्डचं काही बोलले नाहीत, सीपॅनेलचे (साइट सांभाळायच्या पॅनेलचे) पैसे वेगळे पडतील म्हणाले. मग घेऊ ना?

सावकाश
सीपॅनेल वेगळं म्हणजे बहुधा अनमॅनेज्डच. लेखी विचारून घ्या: रात्री डेटाबेस बंद पडला तर तो सुरू करणं कुणाचं काम? "तुमचं" असं उत्तर आलं तर तो खर्च चौपटीच्या वर धरा.

खटपट्या
थांबा, इतक्यात घेऊ नका. ५०८ बहुतेक वेळा एन्ट्री प्रोसेसची मर्यादा संपली की येतो. म्हणजे एकाच क्षणी पीएचपीच्या किती विनंत्या चालू आहेत, तो आकडा. अनेक ठिकाणी तो २० असतो. एका विनंतीला २ सेकंद लागत असतील तर सेकंदाला १० विनंत्या निघतात. तीच ०.२ सेकंदात होत असेल तर त्याच २० मध्ये १०० निघतात. सीपॅनेलमध्ये "रिसोर्स युसेज" उघडा आणि अंक टाकलेल्या दिवसाचे एन्ट्री प्रोसेस, सीपीयू आणि मेमरीचे आकडे इथे द्या. पेज कॅश, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुढच्यांना देणं, आहे का?

बिनतारी
म्हणूनच तर म्हणतो, व्हीपीएसवर ही २० ची भानगडच नाही.

सावकाश
मर्यादा असतेच, फक्त ती कुणी लिहून देत नाही. २ जीबीतले ७०० एमबी सिस्टीम आणि डेटाबेसला धरा. उरले साधारण १३०० एमबी. प्लगिनांनी भरलेल्या वर्डप्रेसची एक पीएचपी प्रोसेस ६०-७० एमबी सहज खाते. म्हणजे पुन्हा २० च्या आसपासच! त्यापुढे गेलात की रॅम संपते, कर्नल (सिस्टीमचा गाभा) सगळ्यात जड प्रोसेस मारतो आणि ती बहुतेकदा मारियाडीबी असते. मग ५०८ च्या जागी "डेटाबेस कनेक्शन" चा एरर, आणि तो गर्दी ओसरल्यावर आपोआप जाईलच असं नाही.

बिनतारी
एफपीएममध्ये मॅक्स चिल्ड्रन (एका वेळी किती पीएचपी प्रोसेस चालवायच्या तो आकडा) १५ ठेवला की रॅम संपत नाही. बाकीचे वाचक रांगेत थांबतात. शेअर्डवर रांग नाही, थेट ५०८. हा फरक छोटा नाही.

सावकाश
हे मान्य. पण तो आकडा किती ठेवायचा हे धागाकर्त्यांना कोण सांगणार?

पत्रपेटी
मेलचा कुणी विचार केला का? व्हीपीएस देणारे बरेच जण पोर्ट २५ (मेल बाहेर जायची वाट) सुरुवातीला बंदच ठेवतात. उघडून मिळालं तरी मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे पटवणारं एसपीएफ, डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस नीट नसेल तर मेल स्पॅममध्ये. मेल सर्व्हर स्वतः चालवू नका, ही कळकळीची विनंती.

नवशिका_०७
डोमेन हलवण्याआधी टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० वर आणून ठेवा, मग आयपी बदला. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका.

डेबियनप्रेमी
उबुंटू कशाला? सर्व्हरला डेबियन स्टेबल टाका. उबुंटूच्या स्नॅप या पॅकेज पद्धतीचा त्रास नाही, रॅमही कमी लागते.

बिनतारी
उबुंटू एलटीएसला (दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीला) ५ वर्षं सपोर्ट आहे, २४.०४ चा २०२९ पर्यंत. नको असेल तर स्नॅप काढता येतं.

सावकाश
अवांतर नको, वेगळा धागा काढा.

पानगळ
पाहिलं. एन्ट्री प्रोसेस २०/२०. सीपीयू निम्म्यावरसुद्धा नाही, मेमरीही ठीक. कॅश प्लगिन आहे, वाचक बहुतेक लॉगिन न करताच वाचतात.

खटपट्या
सीपीयू रिकामा आणि वीसच्या वीस प्रोसेस अडकलेल्या, म्हणजे त्या काम करत नाहीयेत, कशाची तरी वाट बघताहेत. बाहेरची एखादी सेवा किंवा मेल. अंक टाकला की सभासदांना मेल जातो का? कुठून जातो?

पानगळ
हो, प्रकाशित केलं की साइटवरूनच सगळ्यांना जातो. यादी मोठी आहे. पण त्याचा साइट पडण्याशी काय संबंध?

खटपट्या
थेट संबंध असू शकतो. वाचक साइटवर आले की डब्ल्यूपी-क्रॉन (वर्डप्रेसची वेळ ठरलेली कामं उरकणारं) जागं होतं आणि मेलचा पुढचा गठ्ठा पाठवायला घेतं. मेल सर्व्हरनं उत्तर द्यायला वेळ लावला की ती प्रोसेस तिथेच उभी राहते. तेवढ्यात मेलमधली लिंक दाबून लोक येतात आणि क्रॉन पुन्हा चालतं. व्हीपीएस घेतलात तर हेच सगळं तिकडे सोबत जाईल, वर पत्रपेटी म्हणतात ते पोर्ट २५ चं लचांड.
आधी हे करा: मेल वेगळ्या मेलिंग सेवेकडून पाठवा. डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाइलमध्ये "डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन" ट्रू करा आणि सीपॅनेलमधून दर १५ मिनिटांचा क्रॉन लावा. एका अंकापुरतं बघा, २०/२० येतंय का.

पत्रपेटी
+१. मेलिंग सेवेत डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम आठवणीनं लावा.

बिनतारी
करून बघा, पण कधी ना कधी व्हीपीएस लागेलच. घेताना महिन्याचाच घ्या, वर्षाचे पैसे आधी भरू नका. आणि टॉप कमांडमध्ये "एसटी" चा आकडा बघा. तो सतत वर असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू शेजारी वापरताहेत, असा पुरवठादार सोडून द्या.

सावकाश
याला सहमत.

पानगळ
मेलिंग सेवा बघते. क्रॉनची ती ओळ फाइलमध्ये नेमकी कुठे टाकायची? आणि आधीचा गठ्ठा अर्धवट अडकला असेल तर तो पुन्हा सगळ्यांना जाईल का?

खटपट्या
"दॅट्स ऑल, स्टॉप एडिटिंग" लिहिलंय त्या ओळीच्या वर. गठ्ठ्याचं प्लगिनवर अवलंबून आहे, मेलचं प्लगिन कोणतं?