१८३० नंतर पुन्हा १८४८ का? पोरांना कसं समजवावं?

दारव्हा_अभ्यासिका : नमस्कार. गावच्या अभ्यासिकेत पोरांना पुराणमतवाद, उदारमतवाद, राष्ट्रवाद, समाजवाद यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. पण युरोपात १८३० ला क्रांती झाल्यावर १८४८ ला परत का, असं विचारलं की सगळे ‘राजा विरुद्ध जनता’ लिहून मोकळे होतात. सुरुवात कुठून करू जी?

पैनगंगा : सर, व्याख्या बाजूला ठेवा अन् मत कोणाला होतं तिथून धरा. फ्रान्सच्या १८१४ च्या सनदेत, म्हणजे तिथल्या संविधानात, मतदाराचं वय ३० अन् वर्षाला ३०० फ्रँक प्रत्यक्ष कर, ही अट. उमेदवाराला वय ४०, कर १००० फ्रँक. तीन कोटींच्या देशात मतदार जेमतेम लाखभर. जुलै १८३० मध्ये तिथला राजा दहाव्या चार्ल्सने वटहुकूम काढून वृत्तपत्रांचं तोंड बांधलं, मतदार आणखी घटवले. पॅरिसच्या रस्त्यांवर लढले मुख्यतः कारागीर, सत्तेजवळ गेले बँकवाले. १८३१ मध्ये अट २०० फ्रँकवर आली, तरी मतदार दोन लाखांच्या आतच. उदारमतवाद्यांना संविधान, छपाईचं स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता हवी होती. सगळ्यांना मत नको होतं. पोरं घसरतात ती नेमकी इथेच, उदारमतवाद म्हणजे लोकशाही असं धरून.

कापूसपट्टा : जर्मनीही घ्या. तिथे ३९ राज्यं. १८३३ मध्ये हॅम्बुर्गहून न्युरेंबर्गला माल न्यायचा तर अकरा जकात नाके, दर नाक्यावर सुमारे ५ टक्के. यवतमाळहून नागपूरला कापूस नेताना दर तालुक्याला जकात भरायची म्हटल्यावर पोरांना लगेच कळेल. ही अडचण १८३४ च्या जकात संघाने बरीचशी काढली, अन् तो उभा केला त्यांतल्याच प्रशिया या राज्याच्या राजेशाहीने! म्हणून व्यापाराची मोकळीक दिसली की सरकार उदारमतवादी, असं लिहू देऊ नका.
ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निक याचे १८१९ चे कार्ल्सबाड आदेश, म्हणजे जर्मन राज्यांतल्या छपाईवरचे निर्बंध, हेही बारकाईने दाखवा. २० फर्म्यांपर्यंतचं, म्हणजे ३२० पानांपर्यंतचं काहीही छापण्याआधी तपासणी. जाड ग्रंथ सुटले, कारण धाक होता पत्रकांचा अन् वृत्तपत्रांचा.

पैनगंगा : अन् समाजवाद शेवटी चिकटवू नका, १८४८ मध्येच गुंफा. फेब्रुवारीत फ्रान्समध्ये प्रजासत्ताक आलं, सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळालं, मतदार ९० लाखांच्या घरात गेले. बायकांना मात्र नाहीच. बेकारांसाठी राष्ट्रीय कार्यशाळा उघडल्या. जूनमध्ये सरकारने त्या बंद करायला घेतल्या तेव्हा मजूर उठले, अन् २३ ते २६ जूनला त्यांच्यावर तोफा चालवल्या त्या प्रजासत्ताकानेच. तेव्हा राजा गादीवर नव्हताच. पोरांना आधी हेच विचारा: मग ही लढाई कोणाकोणात झाली?